मनोरीच्या वाळूतला लेप

मनोरी मुंबईतच आहे, हे आधीच सांगून टाकते. मुलुंडला आमच्या गटाच्या बैठकीत एकाने गंभीरपणे विचारलं होतं, "तिकडे जायला रजा किती टाकावी लागेल?" रजा लागत नाही. मालाडला उतरायचं, मार्व्याची बस धरायची, धक्क्यावरून होडीत बसायचं आणि खाडीपलीकडे उतरायचं. तरी जयेश सोडला तर आमच्यापैकी कुणीही ती खाडी ओलांडली नव्हती. 'किनारा वाचवा' अशी पत्रकं मात्र घाटकोपर स्टेशनबाहेर आम्ही छातीठोकपणे वाटत होतो.

हा प्रवास आम्ही मासे धरायला केला. मासाही कुठला, तर लेप. ज्यांनी तो फक्त ताटात पाहिलाय त्यांच्यासाठी सांगते: चपलेच्या तळव्यासारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच अंगाला, आणि सगळा जन्म समुद्राच्या तळाशी वाळू अंगावर ओढून पडून राहणारा. असा मासा गळाला लावायचा, तोही समुद्रावर पहिल्यांदाच गळ टाकणाऱ्या पाच-सहा जणांनी, आणि तोही एका सरकारी साहेबाच्या डोळ्यांदेखत. हसू येत असेल तर हसा. आम्हाला तेव्हा ही कल्पना झकास वाटली होती.

प्रकरण असं. जयेश मनोरीचा कोळी. नोकरी अंधेरीत, राहायला वाकोल्याला भाड्याने. त्याची आई, हिरामावशी, गावात मासळी सुकवते आणि विकते. सुरूच्या झाडांपुढे वाळूची जी पट्टी आहे तिथे तिच्या आणि इतर बायकांच्या वलांड्या उभ्या होत्या. वलांडी म्हणजे बांबूंची मांडवासारखी चौकट, जिच्यावर बोंबील टांगून वाळवतात. पट्टी कुणाच्या नावावर नाही. सासूने सुकवले म्हणून सून सुकवते, एवढाच त्या जागेवरचा हक्क. एका कंपनीला ती पट्टी हवी होती. तंबू, आरामखुर्च्या, लाटांच्या आवाजात नाश्ता. कंपनीने वर लिहून दिलं की पट्टी वापरात नाही, पडून आहे. ते खरं की खोटं हे बघायला साहेब येणार होता. रविवारी, दुपारच्या आत.

आणि रविवारी पौर्णिमेचं उधाण!

इथे जरा थांबते, कारण हे मुंबईच्या माणसाला सांगावं लागतं. मनोरीच्या होड्या डोल जाळी लावतात. समुद्रात बांधून ठेवलेलं, पिशवीसारखं जाळं. पाण्याच्या ओढीने ते उघडतं आणि ओढीसोबत मासळी आत येते. ओढ असते ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात. मधल्या दिवसांत, त्याला भांग म्हणतात, पाणी मंद असतं. तेव्हा गाव किनाऱ्यावर बसतं, जाळी शिवतं, एकमेकांची उणीदुणी काढतं. म्हणजे उधाणाच्या दिवशी पुरुष दर्यावर, बायका आदल्या दिवसाची मासळी घेऊन बोरिवली-मालाडच्या बाजारात, आणि संध्याकाळी होड्या येईपर्यंत वाळूवर कुत्रंसुद्धा नाही. पाहणी नेमकी त्याच दिवशी. हा योगायोग आहे असं ज्यांना वाटतं त्यांना वाटू दे. मला वाटत नाही.

गावाने त्या दिवशी दर्या सोडावा का, असं जयेशने आईला फोनवर विचारलं. फोन स्पीकरवर होता.

"सायबाचा तोंड बगाला घरी बसू?" मावशी कडाडली. "आन् खाऊ काय, त्याची गाडी?"

तेव्हा मी मध्ये तोंड घातलं. "मावशी, तुमची माणसं दर्यावर जाऊ देत. किनारा आम्ही भरतो."

आणि हा लेप माझ्याच डोक्यातून निघाला. साहेबासमोर त्याच वाळूतून जिवंत मासा काढून दाखवायचा. मासा आहे म्हणजे वाळू जिवंत आहे, वाळू जिवंत आहे म्हणजे पट्टी पडीक नाही. पत्रकात हे फार सरळ दिसतं.

अंधेरी

अंधेरी पश्चिमेला हौशी मासेमारांसाठी एक दुकान आहे. आत इतकं गार की मासे बर्फाशिवाय टिकतील. भिंतभर रॉड, काचेत चमचमती रिळं, आणि खणांमध्ये प्लॅस्टिकचे, रबराचे, डोळे रंगवलेले खोटे मासे. मासळीचा वास कुठेही नाही. माझ्या डोक्यात तिथेच तिडीक गेली. ज्या शहरात कोळणीला टोपली टेकायला फूटपाथ देत नाहीत, तिथे खोट्या माशांना एसी!

"टार्गेट कौनसा है मॅडम?" काउंटरवरच्या टोपीवाल्याने विचारलं.

"लेप."

"वो तो मार्केट में मिलता है ना." तो हसला. "ये देखो, जिताडा के लिए एकदम मस्त पीस आया है. जपान का."

"जपानचा मासा मनोरीत काय करणार?"

"मॅडम, मछली को थोडी ना पता है कहाँ का है."

जयेश मध्ये पडला. "भाऊ, लेप काय उडी मारून खात नाय. तो खाली झोपलेला असतो. शिसं तळाला बसलं पाहिजे आणि गळ त्याच्या नाकासमोरून सरपटत गेला पाहिजे. तसलं काय असेल तर दाखव."

मग टोपीवाल्याने खरं सामान काढलं. सांगते, कारण आमच्यासारखा पहिल्यांदा जाणारा इथेच फसतो. मुख्य दोरीत आरपार भोक असलेलं शिसं ओवायचं. त्याखाली फिरकी, म्हणजे दोरीला पीळ बसत नाही. फिरकीपासून पुढे हातभर तंगूस, म्हणजे नायलॉनचा पारदर्शक धागा, आणि त्याला गळ. शिसं तळाला पडून राहतं पण दोरी त्यातून मोकळी सरकते, त्यामुळे माशाने तोंड लावलं की त्याला ओझं जाणवत नाही. गळ किती मोठा, यावरून आमच्यात जुंपली. लेपाचं तोंड एवढंसं आणि वाकडं, त्याला बारीक गळ लागतो. पण त्याच वाळूत त्याचा थोराड भाऊबंद भाकसही असतो, त्याचं तोंड दातेरी आणि हावरं, त्याला मोठा. आमचे व्हिडिओ करणारा मुलुंडचा संकेत म्हणाला, मोठाच घ्या, कॅमेऱ्यात दिसेल. शेवटी एका दोरीला दोन गळ ठरले, वर मोठा, खाली बारीक. आघाडी सरकारसारखं.

"कब जा रहे हो?" टोपीवाल्याने विचारलं.

"रविवारी."

त्याने मोबाइलवर भरतीचं कोष्टक उघडलं आणि आमच्याकडे असं बघितलं, जसं डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात. "पूनम को? पानी चाय जैसा रहेगा. करंट में सब बह जायेगा. अगले हफ्ते जाओ ना."

"साहेब पुढच्या आठवड्यात येणार नाही."

"तो साहब को बोलो."

साहेबाला बोलता आलं असतं तर दुकानात कशाला आलो असतो? गोल शिसं ओढीत गडगडत जातं म्हणून आम्ही टोकदार, वाळूत रुतणारं घेतलं. राहिला रॉडचा प्रश्न. जयेशचं म्हणणं, रॉड नको. "आयेकडे दोऱ्या आहेत. हातानेच टाकू ना."

"तुला येते हाताने टाकायला?" मी विचारलं.

दहावीनंतर तो गावात राहिलेला नाही. हाताने गरगर फिरवून दोरी लाटांपलीकडे फेकणं आमच्यात कुणालाच जमणार नव्हतं. रॉड भाड्याने मिळत होते, लाल आणि निळे. घेतले.

घरी घाटकोपरला माझ्या वडिलांनी ती लांबलचक बॅग पाहिली. आमचं मूळ देवगडकडचं. आजोबा गिरणीत आले, पण गळाने मासे धरण्याला आमच्या घरात अजून गरवणंच म्हणतात.

"गरवूक जातस काय क्रिकेट खेळूक?" अण्णा म्हणाले.

"आंदोलन आहे, अण्णा."

"मगे माशांक सांगून ठेवलंस काय?"

खाडीपलीकडे

शनिवारी दुपारी मार्व्याहून होडीत बसलो. होडीत मोटारसायकली, गॅसचे सिलिंडर, शाळेतून परतणाऱ्या मुली, आणि रिकाम्या टोपल्या घेऊन बाजारातून येणाऱ्या बायका. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, आणि पाण्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या जेलीफिशसारख्या तरंगत होत्या. शेजारच्या बाईने आमच्या रॉडकडे, संकेतच्या कॅमेऱ्याकडे आणि आम्ही छापून घेतलेल्या एकसारख्या हिरव्या टी-शर्टांकडे नीट पाहून घेतलं.

"शूटिंग हाय काय?"

"नाही हो. आम्ही किनारा वाचवायला आलोय."

"आस्सं," ती म्हणाली आणि दुसऱ्या बाईला कोपर मारलं. "शूटिंगच हाय."

हिरामावशीचं घर चर्चपासून समुद्राकडे उतरणाऱ्या गल्लीत. मावशी दारातच बसली होती, फुलाफुलांची मॅक्सी, खांद्यावर टॉवेल, हातात कोयती. आम्ही चपला काढेपर्यंत तिने प्रत्येकाचं गाव, जात आणि लग्न विचारून घेतलं.

जेवायला ओल्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमच्या घरी माशाच्या कालवणात नारळ नसेल तर अण्णा ताट सरकवतात. इथे नारळाचं नाव नाही. लसूण, चिंच, लालभडक मसाला आणि बोंबील इतका ताजा की काटा जिभेवर विरघळतो. मी तिसरी भाकरी घेतली तशी मावशी म्हणाली, "खा. उद्या सायबाशी भांडाला ताकद पायजे." मग पदरासारखा टॉवेल सावरत तिने तिचा बेत सांगितला.

"बग, माझ्याकडं लुगडी हायत. सुनेचं हाय, बहिणीचं हाय. तुमी पोरी नेसा, डोक्यात वेणी घाला, टोपल्या घेऊन वलांडीखाली बसा. पोरांना लुंग्या देते. जाळी पसरा पुढ्यात, सुया घ्या हातात. सायबाला काय समजतंय कोण कोली आन् कोण कोन."

मी घास ठेवला. "मावशी, ते खोटं होईल."

"मग?"

"आम्ही खोट्यावर लढत नाही. त्यांनी खोटं लिहून दिलंय म्हणून तर आपण भांडतोय. आम्ही जे आहोत तेच म्हणून उभे राहू. घाटकोपरची, मुलुंडची माणसंही या किनाऱ्याची आहेत, हे दिसू दे त्याला."

"आये, बरोबर बोलतेय ती," जयेश म्हणाला, पण माझ्याकडे न बघता.

"आणि लुगडं तुम्ही तरी कुठे नेसता?" मी म्हटलं. "तुम्हीच मॅक्सीत आहात."

"म्या उद्या नेसणार हाय," मावशी म्हणाली. "सायबाला मॅक्सीतली कोलीन दिसत नाय गो. लुगड्यातलीच दिसते."

आमिष

संध्याकाळी आमिषाचा सराव. मावशीने पुढ्यात चार ढीग टाकले: मांदेली, बोंबील, म्हाकूल म्हणजे स्क्विड, आणि ताजी करंदी, म्हणजे बारीक कोळंबी. संकेतने बोंबील उचलला, मुंबईचा मासा म्हणून. गळाला टोचला, ऐटीत रॉड मागे घेतला आणि फेकला. शिसं समुद्रात गेलं, बोंबील जयेशच्या मानेवर. तो इतका लिबलिबीत की गळावर ठरतच नाही. मांदेलीचे उभे तुकडे बरे बसतात पण लाटेत फाटतात. म्हाकूल चिवट, कितीही फेका, सुटत नाही. मोठ्या गळाला म्हाकूल ठरलं. बारीक गळाला करंदी, पण तीही ओढीत निसटते, म्हणून शिवणाच्या दोऱ्याने तिला गळाला तीन-चार वेढे देऊन बांधायची. हे बांधकाम मला जमलं. बाकी सगळं वाईट चाललं होतं. एकाचा गळ स्वतःच्याच टी-शर्टमध्ये, एकीची दोरी सुरूच्या झाडात, आणि आम्ही ती सोडवेपर्यंत गावातल्या कुत्र्यांनी मांदेलीचा ढीग फस्त केला.

वलांड्या रिकाम्या उभ्या होत्या. आधीचे बोंबील वाळून उतरले होते; उधाण नुकतंच लागलेलं, आलेली थोडी मासळी ओलीच बाजारात जात होती, सुकवायला उरतील एवढे बोंबील उद्याच्या होड्यांत यायचे होते. बांबूंवर बसलेल्या मिठाचे पांढरे पापुद्रे उन्हात चमकत होते. मी एका बांबूला हात लावला, तो हाताला चिकटला. इतका वापर त्या लाकडात मुरला होता. वास घेतला असता तरी साहेबाला कळलं असतं.

रविवार

टोपीवाल्याचं खरं ठरलं. पाणी चहासारखं होतं, ओढ अशी की टोकदार शिसंही वाळूतून उपटून किनाऱ्याला समांतर वाहत जायचं आणि आमच्या दोऱ्या एकमेकींत गुंतायच्या. सकाळ सगळी गाठी सोडवण्यात गेली. पाणी चढत चढत वलांड्यांच्या पायाजवळ आलं.

साहेब होडीने आला नाही. भाईंदरकडून रस्त्याने गाडीतून आला. सोबत कंपनीचा माणूस, पांढरे बूट, साहेबाच्या डोक्यावर छत्री धरलेली. मी मनात राक्षस तयार ठेवला होता. निघाला चष्मा लावलेला, दमलेला, बोलायला गोड माणूस. त्याचा राग करायलाही धड सोय नाही.

मावशी पुढे झाली. हिरवं लुगडं, गळ्यात सोनं, अंबाड्यात अबोलीची वेणी. "सायब, ही बगा माझी वलांडी. हिच्यावर बोंबील सुकवते. माझी सासू सुकवायची."

"आत्ता तर काही दिसत नाही, मावशी."

"होड्या संध्याकाळच्यान येतील ना. थांबा तवर. चा पाजते, जेवा माझ्याकडं."

"संध्याकाळी मला दुसरी पाहणी आहे." त्याला खरंच वाईट वाटलं असावं, इतक्या हळू तो म्हणाला.

कंपनीचा माणूस लगबगीने पुढे आला. "मावशी, जरा इकडे बघा. हां, अस्सं." त्याने फोटो काढला. "सर, स्थानिक संस्कृतीही आहे बघा. पाहुण्यांना हेच हवं असतं."

मावशीचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मी लिहीत नाही.

दोरी पाण्यात तशीच ठेवून मी साहेबासमोर जाऊन उभी राहिले. बोलणं पाठ होतं. ही पट्टी पडीक नाही, दिवस मुद्दाम उधाणाचा निवडला आहे, गाव समुद्रावर कामाला गेलं आहे, तुम्ही भांगाला या. तो मान हलवत ऐकत होता, पण नजर माझ्या हातातल्या निळ्या रॉडवर.

"आपण इथल्याच का?"

"घाटकोपर."

"आणि आपण?"

"मुलुंड," संकेत म्हणाला.

"एवढ्या लांबून!" साहेबाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आनंद दिसला. "इथे हौशी मासेमारी चालते हे माहीतच नव्हतं मला."

"सर, ही हौस नाही, आम्ही—"

आणि तेवढ्यात माझ्या हाताला झटका बसला.

भरती पूर्ण झाली होती. पाणी जायचं की यायचं या विचारात घटकाभर थांबलं होतं, ओढ संपली होती, आणि माझं शिसं कधी नव्हे ते एका जागी बसलं होतं. दोरी थरथरली, सैल पडली, पुन्हा ताणली. जयेश ओरडला, "ओढ! ओढ गं! हळू!" मी रीळ फिरवायला लागले. पाण्यातून एक तपकिरी, पसरट काहीतरी लपलप करत वर आलं. लेप! वीतभर लांब, खालच्या बारीक गळाला, करंदी अजून त्याच्या वाकड्या तोंडात. दोन्ही डोळे आभाळाकडे.

मी किंचाळले. सगळेच किंचाळलो. पाच हिरवे टी-शर्ट वाळूवर उड्या मारत होते, संकेत कॅमेरा घेऊन माझ्याभोवती फिरत होता, कुणीतरी सेल्फीसाठी मला खेचलं आणि मी हसले. दात दाखवून, मासा उंच धरून. मासा गळावरून काढायचा कसा हे आम्हाला माहीत नव्हतं. मावशीने येऊन काढला, एका हाताने.

साहेबही टाळ्या वाजवत होता. मनापासून. "व्वा! फारच छान जागा आहे ही."

"तेच म्हणतोय सर," छत्रीवाला म्हणाला. "ही पट्टी आधीपासूनच हौशी अँगलिंगसाठी वापरात आहे. उपनगरातून लोक येतायत. आपण फक्त सोय करून द्यायची."

त्याने आमचा फोटो घेतला. साहेबानेही, आपल्या मोबाइलवर. मी पुढे होऊन ओरडले, "सर, हे चुकीचं लिहू नका! आम्ही आंदोलक आहोत!" साहेबाने समजुतीने हात हलवला आणि गाडीत बसला. पट्टी वापरात आहे, हे आम्ही त्याला पटवून दिलं होतं. कुणाच्या वापरात, तेही त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

होड्या आल्यावर

संध्याकाळी होड्या आल्या. अर्ध्या तासात ती वाळू ओळखू येईना. टोपल्यांवर टोपल्या, बायकांचा गलका, बर्फ, शिव्या, बगळे. बाजारातून परतलेल्या बायका साडीचा काचा मारून सरळ कामाला लागल्या. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी बांबूवर टाकायची, एवढं ते काम, पण हात असे चालत होते की बघता बघता वलांड्यांवर चांदीचे पडदे लागले. संकेतने कॅमेरा काढला. जयेशने त्याचा हात खाली केला.

"आता कशाला? राहू दे यार. वाट लागली ती लागली."

मी मावशीच्या शेजारी जाऊन बोंबील टांगायला लागले. माझी जोडी दर वेळी सुटून खाली पडायची. मावशीने लुगडं बदलून मॅक्सी घातली होती. तिने खाली पडलेले बोंबील उचलून टोपलीत टाकले. मग म्हणाली, "एक दिस कोलीन झाली असतीस तर काय मेली असतीस काय गो?"

मला राग आला. खरंच आला. "तुम्ही झालात ना? काय झालं? तुमचाही फोटोच काढला त्यांनी."

"हां. काढला." तिने माझ्या हातातली जोडी घेऊन नीट अडकवली. "पन म्या एकटी होते. एकटी बाय असली तर फोटू निघतो. चालीस असल्या तर रस्ता नाय मिलत सायबाला जायाला."

"चाळीस आम्ही कुठून आणणार होतो?"

"मंग भरतो कशाला म्हनलीस?"

यावर पत्रक लिहिता येत नाही. लेपाचं तिने कालवण केलं, लहानसाच होता, सगळ्यांना एकेक घास. माझ्या वाटचा मी जयेशच्या ताटात टाकला. त्याने तो तसाच ठेवला.

पुन्हा

संध्याकाळच्या वलांड्यांचे फोटो आम्ही साहेबाच्या कार्यालयात पाठवले. पाहणी पूर्ण झाली आहे, एवढंच उत्तर आलं. पुढे निर्णयही आला: पट्टी हौशी पर्यटनासाठी आधीपासून वापरात असल्याने कंपनीला तात्पुरती परवानगी. आम्ही निषेधाचं पत्रक काढलं, अंधेरी आणि घाटकोपरला वाटलं, लोकांनी घड्या घालून त्यात शेंगदाणे खाल्ले. जयेश बैठकींना येईनासा झाला. भांडला नाही. फोन केला की म्हणतो, "काम आहे गं."

भांगाचे दिवस बघून मी एकटीच मनोरीला गेले. रॉड नव्हता, टी-शर्ट नव्हता. गाव जमिनीवर होतं, पण वाळूवर नव्हतं. जाळी गल्लीत पसरून पुरुष शिवत बसले होते आणि मोटारसायकली त्यांच्या जाळ्यांवरून जात होत्या. किनाऱ्यावर दोरी बांधलेली, पलीकडे तीन पांढरे तंबू. वलांड्यांचे बांबू मावशीच्या अंगणात भिंतीला टेकून उभे. तिने दोन बांबू घराच्या पत्र्यापासून शेजारच्या खांबापर्यंत बांधले होते आणि त्यावर थोडेसे बोंबील.

"एवढेच?"

"एवढ्यालाच जागा हाय. बाकी ओलं इकते, मिलेल त्या भावानं. वास येतो म्हून बंगलेवाले येऊन गेले दोनदा."

मी पिशवीतून कागद काढले. अपील करता येतं, वकील ओळखीचा आहे, बायकांच्या सह्या लागतील. ती ऐकत होती, हात मांदेली निवडत होते. हो म्हणाली नाही. नको असंही म्हणाली नाही.

तेवढ्यात गल्लीतून एक जोडपं उतरत आलं. नवीकोरी टोपी, नवाकोरा रॉड, त्यावर दुकानाचं लेबल तसंच. हसरी, गोड माणसं, चेंबूरहून आलेली.

"मावशी, ते मासे पकडायचं ठिकाण इथेच ना? आम्ही पहिल्यांदाच आलोय. लेप मिळतो म्हणे इकडे?"

मावशीने मान वर न करता हातातल्या मांदेलीने माझ्याकडे दाखवलं. "हिला इचारा. पयला हिनंच धरला."

ते दोघे माझ्याकडे वळले, डोळ्यांत खरा आदर. "अरे वा! ताई, गळाला काय लावलं होतं?"

माझ्या मांडीवर अपिलाचे कागद होते. मावशी आता माझ्याकडे बघत होती, मी काय बोलते ते ऐकायला.

"करंदी," मी म्हटलं. "ताजी. दोऱ्याने बांधून."